तेजश्रीचं अजून ठरत नाही

बारावीचा शेवटचा पेपर देऊन तेजश्री भांडगावला घरी पोचली, तोवर घरच्यांनी तिच्या सुट्टीची वाटणी करून टाकली होती. आईकडचा पहाटेचा गोठा आता तिच्या वाट्याला आला होता. शेण काढायचं, धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं. वडील सर्जेराव हे सगळं इतक्या प्रेमाने सांगत होते, की जणू लेकीला बक्षीसच देतायत.

"मला न्हाई जमायचं," तेजश्री म्हणाली. "मी पहाटे पळायला जाणाराय. मिलिटरीत जायचंय मला."

मिलिटरीचं हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं. पळण्याचा बेत मात्र साधा होता. कालव्याच्या पुलाखाली बसायचं, मोबाईल बघायचा आणि परतताना तोंडावर पाणी मारून घाम म्हणून दाखवायचा.

सर्जेरावांचा मात्र ऊर भरून आला. गोठा मी बघतो म्हणाले. फक्त एकटी पोर पहाटे कालव्यावर कशी धाडायची, म्हणून तिची आई सुलक्षणा सोबत निघाली. मोबाईलचा बेत तिथेच बुडाला. आई मागे असताना बसणार कुठे? तेजश्री पळाली. पहिल्याच दिवशी तिला अशी धाप लागली, की ती बाभळीला धरून उभी राहिली आणि पदर खोचलेली आई चपला फटफटवत तिच्या पुढे निघून गेली.

मग सोपानरावांनी दोघींना गाठलं. हे रिटायर सुभेदार. गावात शिकवायला कुणी सापडत नव्हतं, त्यामुळे शिट्टी गळ्यात तयारच होती. तुला शिकायचंय का, हे त्यांनी विचारलंच नाही. उठाबशा सुरू झाल्या. इकडे सर्जेराव डेअरीवर दूध घालताना रोज थोडं थोडं वाढवून सांगत होते. आधी पोरगी 'तयारी करतीय' होती, मग 'सिलेक्शन आता झाल्यातच जमा', आणि आठवडा संपायच्या आत डेअरीच्या चेअरमननी तिचा सत्कार ठरवला. फ्लेक्सही लागला. त्यावर तेजश्री कोपऱ्यात छोटी होती आणि चेअरमन मधोमध मोठे.

गंमत म्हणजे पळणं तिला आवडायला लागलं होतं. पण पळणं आवडतं म्हणून घरापासून हजारो कोस लांब, वर्दीत राहणं आवडेल का? हे तिलाच कळत नव्हतं आणि दुसरं कुणी विचारत नव्हतं. शेवटी पळता पळता तिने आईला सांगून टाकलं.

"आई, मी खोटं बोलले होते. मला गोठा नको होता."

"ठाव हाय," सुलक्षणा म्हणाली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. "पळाया जाणारी पोर पॉवर बँक घेऊन निघती व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"मला तरी गोठा कुठं हवा होता?"

सत्काराच्या दिवशी तेजश्रीला फेटा बांधला, शाल घातली आणि दोन शब्द बोलायला माईकपुढे उभं केलं. जय हिंद म्हणून खाली बसायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. पण समोर अख्खा गाव टाळ्या वाजवायला हात उचलून बसलेला बघितला आणि तिला ते जमेना.

"मी अजून ठरवलं न्हाई," ती म्हणाली. "जायचं का न्हाई, इचार चाललाय."

उचललेले हात तसेच राहिले. चेअरमन हातातल्या नारळाकडे बघत बसले. संध्याकाळी सर्जेराव गावातल्या जाणत्या बायकांच्या दारोदार फिरले. पोरगी तुमचं ऐकेल, जरा समजावून सांगा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कालव्यावर झुंबरबाई, बानूबाई, सविता आणि आणखी चारपाचजणी हजर. पण पळणाऱ्या पोरीला समजवायचं, तर तिच्या बरोबरीने पाय उचलणं आलंच. चालता चालता कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला, मग सासूचा निघाला, आणि पुलापर्यंत सगळ्या अशा हसत होत्या की सोपानरावांची शिट्टी कुणाला ऐकू येईना. मिलिटरीचं नाव कुणीच काढलं नाही. घरी जाऊन मात्र प्रत्येकीने एकच सांगितलं, लय हट्टी पोरगी हाय, उद्या परत जावं लागंल.

मग गावातले पुरुष पहाटे धारा काढू लागले, चुलीवरचा चहा उतू घालू लागले आणि डेअरीवर सर्जेरावांना काकुळतीने विचारू लागले, "ठरलं का वो पोरीचं?"

पोरीचं ठरत आलं होतं. अख्ख्या गावापुढे आपल्याला खरं बोलता आलं, हे तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. तेवढं जमलं, तर घरापासून लांब राहणंही जमेल. एके पहाटे ती पळता पळता आईच्या जवळ सरकली.

"आई, ठरलं माझं. जाणार मी."

सुलक्षणाचं पाऊल अडखळलं. तिने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि मागून येणाऱ्या बायकांकडे एकदा वळून बघितलं.

"बरं. पण हळू बोल," ती म्हणाली. "झुंबराक्कांनी कालच पाटसच्या बाजारातनं नवे बूट आणल्यात."