भालेरावांचा अर्धा सिनेमा

नाशिकच्या कुठल्याही टॉकीजमध्ये मध्यंतराचे दिवे लागले, की आमचे भालेराव उठायचे, चष्मा पुसायचे आणि बायकोला घेऊन थेट घरी जायचे. सिनेमा चांगला असो, वाईट असो, नियम तोच. नेहमीच्या टॉकीजचा सायकल स्टँडवाला तर त्यांची सायकल मुद्दाम पुढे लावून ठेवायचा. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर मग तो आणि त्याचा मेहुणा जाऊन बसत. तिथे लागलेल्या सगळ्या सिनेमांचे शेवट त्या माणसाला पाठ होते. सुरुवात एकाचीही ठाऊक नव्हती.

भालेराव ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर. सोमवारी डबा उघडला, की आदल्या दिवशीच्या सिनेमाची चिरफाड सुरू. "हे बघा पाटणकर, इंटरव्हलपर्यंत सिनेमा जनतेचा. त्यानंतर तो प्रोड्यूसरचा!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. गिरणीत संप होतो, सावकार जमीन हडपतो, इथवर त्यांना सगळं मान्य. "पुढे मालकाची मुलगी संपाच्या पुढाऱ्यावर भाळते. भाळली, की संप मोडला म्हणून समजा! तो बोहल्यावर, बाकीचे कामावर." पोलीस नेमके शेवटीच का येतात, यावरही त्यांची स्वतंत्र उपपत्ती होती. आणीबाणीत ती ते खिडकी लावून सांगत.

"अहो, पण शेवट न बघताच शेवटाला शिव्या?" मी विचारायचो.

"विषाची परीक्षा घेतं का कुणी?"

घरी जाताना सायकल हातात धरून ते उरलेला सिनेमा स्वतः रचून वहिनींना सांगत. त्यात गिरणी कामगारांची होई. सावकार रोजगार हमीवर खडी फोडायला जाई. एखादी विधवा असलीच, तर ती शिवणाचा क्लास काढी, मनाजोगत्या माणसाशी लग्न करी आणि चांगली म्हातारी होईपर्यंत जगे. वहिनी पिशवी सांभाळत हुंकार देत चालायच्या. मला त्यांची दया यायची. बिचारीनं जन्मात एक शेवट पाहिला नाही!

एकदा आम्ही दोन्ही जोडपी मिळून एका गावाकडच्या सिनेमाला गेलो. तरुण विधवा, शाळामास्तर, आडदांड पाटील. मध्यंतराला भालेराव नेहमीसारखे वहिनींना घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा मला राहवेना. "वहिनी, पुढचं ऐका तर खरं. शेवटी पाटील बंदूक काढतो आणि ती बिचारी..."

"पाटणकर, गप्प बसा!"

भालेराव एवढ्या जोरात ओरडले, की माझ्या बशीतला चहा सांडला. वहिनी फडकं आणायला म्हणून आत गेल्या त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच ते म्हणाले, "काल जरा जास्तच बोललो. हिचं माझ्याशी दुसरं लग्न, पाटणकर. पहिला नवरा गेला तेव्हा फार लहान होती. लग्नानंतर मी हौसेनं सिनेमाला नेलं, तर त्यात असलीच एक बाई. जरा कुठं हसायला लागली, की शेवटच्या रिळात गोळी तिलाच! घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. तेव्हाच ठरवलं, असले शेवट हिला दाखवायचे नाहीत."

"मग तेवढ्याच सिनेमांतून उठायचं."

"वा! म्हणजे तिला कळेल की!" ते माझ्या अकलेची कीव करत म्हणाले. "म्हणून सगळ्यांतूनच उठतो."

मला एकदम भरून आलं. एवढा मोठा सिद्धांत, आणि त्याच्या बुडाशी फक्त बायको!

घरी येऊन हे आमच्या हिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनींनी सगळे शेवट पाहिलेत. तुम्ही दोघं ऑफिसात असता, तेव्हा आम्ही तीनच्या खेळाला जातो. तो पाटलाच्या बंदुकीचासुद्धा पाहिला, त्या चहाच्या आधीच."

"मग?"

"रडल्या थोड्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, 'आमच्या ह्यांच्या गोष्टींतली माणसं बघा, सगळी कशी जगतात! पण ह्यांना बोलू नका हं, नाहीतर सांगायचे बंद होतील.'"

पुढच्या रविवारी पुन्हा आम्ही चौघं सिनेमाला. मध्यंतराचे दिवे लागले. भालेराव चष्मा पुसत उठले, वहिनींनी पिशवी उचलली. मी मुकाट्यानं पाय बाजूला घेतले. दारापाशी पोचायच्या आधीच वहिनींचा आवाज आला, "अहो, सांगा ना, आता पुढं काय होतं तिचं?"