चरबीवाचून अडलेली योजना

या, अलीकडं सरका, मांडी घालून बसा. बुवा पागोटं बांधतायत, तोवर अणदूरच्या कोंडीरामाची गोष्ट सांगतो.

कोंडीराम खंडोबाच्या देवळातला टाळकरी. अंगानं टाळाच्या दोरीएवढा, पण बुवांच्या मागं उभं राहून त्यानं अभंग वर उचलला की समईसुद्धा ताठ जळायची. चंपाषष्ठीच्या कीर्तनात ती जागा आपली असावी, एवढंच त्याचं देवाकडं मागणं.

एका साली तुळजापूरच्या पंचायत समितीत ओट नावाच्या विलायती धान्याची पोती आली. विस्तार अधिकारी विष्णुपंतांनी चावडीपुढं ते शिजवून दाखवलं. पातेल्यात बुळबुळीत लगदा झाला.

"साहेब, ही खीर म्हणायची का खळ?" कोंडीरामाच्या बायकोनं, सत्यभामानं विचारलं.

"बाई, हा बुळबुळीतपणाच त्याचा गुण. यात पाण्यात विरघळणारा तंतू आहे. तो कोठा साफ ठेवतो, रक्तातली चरबी कमी करतो. शिवाय भूक उशिरा लागते."

"भूक कशापायी लांब नेता, साहेब?" कोंडीराम म्हणाला. "भाकरी जवळ आणा की!"

गाव हसलं. पण शासन हसत नसतं. योजनेचं उद्दिष्ट होतं चरबी उतरवणे, आणि अख्ख्या गावात उतरवण्याजोगी चरबी आढळेना. ही गंभीर त्रुटी वर कळवण्यात आली. वरून आदेश आला: लाभार्थी नसल्यास तयार करावा.

फरक ठळक दिसावा म्हणून गावातला सगळ्यात वाळका माणूस निवडला, म्हणजे आपला कोंडीराम. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हुलग्याचं पातळ माडगं बंद. तुपातला शिरा, बासुंदी, पेढे सुरू. रानात जायलाही मनाई.

"साहेब, लई जड झालं तर आवाज बसंल माझा."

"देशकार्य आहे, कोंडीराम. चंपाषष्ठीच्या आत सगळी चरबी उतरवून देतो. माझा शब्द!"

देशकार्य, आणि तेही साजूक तुपातलं. भला माणूस किती नाही म्हणणार? कोंडीराम फुगला. बंडीची बटणं तुटली. देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली. चंपाषष्ठी तोंडावर आली, तसा तो एसटीनं कचेरीत जाऊन थडकला.

"साहेब, चरबी तयार हाय. आता ओट द्या."

"ओट संपले."

"संपले? आमच्यात तर कुणी चाखलं बी न्हाय!"

"चरबी असलेल्यांनाच द्यायचे, असा नियम होता. तू तयार होईपर्यंत पोत्यांना किडे लागू द्यायचे? तालुक्यातली पात्र माणसं शोधली. ती सगळी याच कचेरीत निघाली." विष्णुपंतांनी समाधानाचा ढेकर दिला. "पुढच्या साली ओट परत येतील. तोवर चरबी टिकवून ठेव."

चंपाषष्ठीला बुवांनी मागं वळून खूण केली. कोंडीरामानं टाळ उचलले, तोंड उघडलं. स्वर निघालाच नाही, नुसता दम निघाला. तो खांबाला टेकून खाली बसला, आणि अभंग बुवांनी एकट्यानंच पुरा केला.

सत्यभामा जवळ आली. "उठा. घरी माडगं शिजवलंय."

हसलात? हसा की. पण हसताना तुमचा हात कुठं गेला, बघा. पोटावरच ना? उद्या पंगतीत शिऱ्यावर तुपाची धार मागून घ्याल आणि परवा उतारा म्हणून वाटीभर ओट गिळाल, तेव्हा पहिल्या घासाला आमच्या कोंडीरामाची आठवण ठेवा. त्याच्या वाटणीचे ओट तुमच्याच वाटीत आलेत.