कॅमेऱ्यातले आठ

घरात घड्याळं पाच होती: भिंतीवर एक, मनगटांवर दोन, ओट्याजवळ एक आणि मोठ्या मुलीच्या कॅमेऱ्यात एक. पहिली चार एकमेकांशी दोन मिनिटांच्या आत जुळत. कॅमेऱ्यातलं साडेचार तास पुढे होतं, आणि हे घरात बाबांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

भांडण चादरीवरून सुरू झालं. वरच्या काकूंच्या कुंड्यांचं मातकट पाणी बाबांनी वाळत घातलेल्या चादरीवर टपकलं. कुंड्यांना पाणी दुपारी बारानंतर घालायचं, असा इमारतीचा नियम होता आणि तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. बाबांनी पुरावा म्हणून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सेक्रेटरींपुढे ठेवला, तर कोपऱ्यात नारिंगी आकडे होते: १२:३०.

"साडेबारा! म्हणजे मी नियमात," काकू म्हणाल्या. "आणि काय हो भाऊजी, भर दुपारी माझ्या गॅलरीचे फोटो काढता?"

"अहो, सकाळ होती! मागे पेपरवाला दिसतोय बघा."

"उशिरा आला असेल," सेक्रेटरी म्हणाले. "शेवटी आकडा तो आकडा."

धाकटा मुलगा बाबांच्या कानाशी लागला. "घड्याळ चुकलंय म्हणा ना. विषय संपेल."

"चुकलेलं नाही," बाबा मोठ्याने म्हणाले.

त्यांना काकूंची माफी मागावी लागली. चादर पुन्हा धुवावी लागली ती वेगळीच.

धाकटा भौतिकशास्त्र शिकलेला. चुकीचं घड्याळ त्याला बघवत नसे. बाबा आंघोळीला गेल्यावर त्याने ते सेकंदासकट जुळवलं.

मुलीने परदेशी निघण्याआधी हौसेने कॅमेऱ्यात तिकडची वेळ लावली होती आणि कॅमेराच टेबलावर विसरून गेली होती. तेव्हापासून कॅमेऱ्यात रात्रीचे आठ वाजले की, म्हणजे इथे दुपारच्या चहाला, बाबा तिला फोन लावत. ती बसने घरी परतत असे. चार मिनिटं बोलणं होई. पाचव्या मिनिटाला तिचा थांबा येई.

त्या दिवशी चहाच्या वेळी बाबांनी कॅमेरा उघडला. आठ वाजले नव्हते. मग दिवेलागणीला उघडला. तरीही नव्हते.

"आज दिवस फारच रेंगाळतोय," ते म्हणाले.

शेवटी आठ वाजले. बाबांनी फोन उचलला.

"कुणाला लावताय?" धाकट्याने विचारलं.

"ताईला. आत्ता बसमध्ये चढली असेल."

"आत्ता?" धाकट्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाबा, नका लावू!"

रिंग वाजत होती.

"बाबा? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं. बस मिळाली ना?"

"अंथरुणात आहे मी! रात्रीचे साडेबारा वाजलेत इथे!"

"अरे देवा! झोप, झोप. ठेवतो."

"आता कुठली झोप?" दिव्याचं बटण खट्‌कन वाजलं. "काल चादरीवर पाणी पडलं म्हणालात आणि माझा थांबा आला. पुढे काय झालं?"

धाकटा घड्याळ पुन्हा पुढे करायला सरसावला. बाबांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला.

फोन ठेवल्यावर पडद्यावर कालावधी उमटला: एक तास अठरा मिनिटं.