टेबलावर आडव्या होणाऱ्या मॅडम

डॉक्टर सरनाईक मॅडम तपासणीला आल्या की चप्पल काढून थेट बाळंतपणाच्या टेबलावर आडव्या व्हायच्या. हिंगोली जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. गोरगरीब बायांना सरकारी उपकेंद्रात खरंच काय मिळतं, ते पाहणं हे मॅडमचं काम. कागद नंतर. आधी छताकडे बघत म्हणायच्या, "मला कळा सुरू झाल्यात. आता काय करता?"

नर्सांची पळापळ व्हायची. कळमनुरीकडे एकदा टेबलाचा पायच मोडला. मॅडम फरशीवर तशाच पडून राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पेशंट खाली पडलाय. पुढं?" दुसऱ्या एका उपकेंद्रात तर घाबरलेल्या नर्सनं त्यांना खरंच सलाईन लावायला घेतलं होतं.

मी सिद्धेश्वर धरणाजवळच्या उपकेंद्रात नवी नर्स होते. मॅडम येणार हे कळल्यापासून टेबलाचे पाय रोज हलवून बघत होते. त्या आल्या, आडव्या झाल्या. मी हातमोजे शोधत होते, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. तांड्यावरची एक पहिलटकरीण सासूच्या खांद्यावर मान टाकून आत आली. सासू म्हणाली, "बाई, सकाळधरनं लई तकलीफ काढून राहिली."

मॅडम झटकन उतरल्या. मला वाटलं, डॉक्टरच आहेत, त्या बघतील, मी सुटले. पण त्या भिंतीला टेकून उभ्या. चेहरा पांढराफटक.

"तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "मी हे काम सोडलंय. हात थरथरतात."

मी हातमोजे चढवले. प्रशिक्षणात शिकलेलं एकेक आठवत करत गेले. मॅडम पोरीच्या उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. बाळ आलं, पण रडेना. मी तोंड पुसलं, पाठ चोळली. मॅडमनी डोळे गच्च मिटले होते. मग एकदाचं ते किरटं, चिडकं रडू फुटलं.

सगळं आवरल्यावर सासूनं मॅडमना सहज विचारलं, "तुमाला किती लेकरं, बाई?"

"एक झालं होतं," मॅडम म्हणाल्या. "रडलं नाही."

म्हातारीनं गुंडाळलेलं बाळ मॅडमच्या मांडीवर ठेवलं. पुढच्या गावाला उशीर होतोय म्हणून ड्रायव्हर डोकावला, तर मॅडमनी त्याला हातानंच परत पाठवलं.

बाळ केव्हाच झोपलं होतं. तरी ते जागं होईल या भीतीनं मॅडम मुंग्या आलेला पायसुद्धा हलवत नव्हत्या.