कच्ची कूस

पिंपळे गुरवच्या त्या भाड्याच्या खोलीत रविवारी सकाळी होत्या त्या वस्तू अशा: वाकवलेल्या शिसवी फळ्या दोन, देवदाराची फळी एक, सरसाचं भांडं एक, कपड्यांचे चिमटे चौदा आणि बायको एक. एवढ्या सामग्रीत गिटार होणारच, याबद्दल ज्योतीरामला तिळमात्र शंका नव्हती. तो बी.एस्सी. होता, पिंपरीच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेत होता, आणि देहूरोडच्या लष्करी बँडमधली एक गिटार त्याने फूटपट्टीने दोनदा मोजून घेतली होती!

पुढच्या रविवारी कारखान्याचं संमेलन. तो वाजवणार, इंदू गाणार. लग्नानंतर प्रथमच तिला चारचौघांत गायला मिळणार होतं. मोशीला माहेरी कळलं असतं, तर वडील गाडी जुंपून न्यायलाच आले असते.

शास्त्र बोलायचं ते मराठीतूनच, असा ज्योतीरामचा बाणा. गिटारच्या 'साइड'ला त्याने 'कूस' हा शब्द काढला होता. शब्द अगदी अचूक होता.

"इंदू," शिसवीवर अंगठा दाबत तो म्हणाला, "कूस फार कच्ची आहे गं. आतून आधार दिल्याशिवाय ताण सोसणार नाही."

"मग द्या की. पण मोशीला कळू देऊ नका!"

इंदू धुण्याचं बोचकं घेऊन नदीवर गेली. भिंतीपलीकडे घरमालकीण मंजुळाबाईंची भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली!

तासाभरात सुईण सोजराबाई दारात उभ्या. गिटार बघायला रोज कुणी ना कुणी यायचंच, तेव्हा ज्योतीरामला नवल वाटलं नाही.

"कूस कच्ची हाय म्हनं?"

"हो ना! तुम्हाला त्यातलं कळतं?"

"आरं, जलम गेला त्यात! किती म्हैनं झालं?"

"तीन. चूक माझीच. वाकेना, म्हणून घासून घासून पातळ केली."

सोजराबाईंनी चौकट धरली. "घासून? आन आता?"

"पोट अजून उघडंच आहे. आतून लाकडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतो. वर चिमटे लावले, की सकाळपर्यंत दगड!"

"मुडद्या! मानूस हायेस का कसाई?"

मंजुळाबाईंनी मोशीला सांगावा धाडला; सोजराबाई ओट्यावरच ठाण मांडून बसल्या. दुपारी सासरे नानासाहेब बैलगाडीतून उतरले; सासूबाई शालनबाई उतरल्या त्या रडतच. नानासाहेबांच्या हातात चाबूक तसाच होता.

"जावईबापू, काय मांडलंय ह्ये?"

ज्योतीरामने अर्धवट गिटार पुढे केली. "ही... ही कूस!"

नानासाहेबांनी गिटार पाहिली, मंजुळाबाईंकडे पाहिलं, आणि असे हसले की फेटा सुटला. "लाकडाची व्हय? आन ही कशापायी?"

तेवढ्यात नदीवरून परतलेल्या इंदूने मान खाली घालून संमेलनाचं सांगून टाकलं.

"गा की," नानासाहेब म्हणाले. "आमी न्हाई म्हनलंय व्हय कधी?"

इंदूला आनंदाने भोवळच आली!

"आनंदाची न्हाई ती," सोजराबाई म्हणाल्या. "ये आत. आलेच हाय, तर बघते."

थोड्या वेळाने त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चवथा लागलाय."

शालनबाईंनी डोळे पुसून लेकीची वळकटी बांधली. "आता गानं न् फिनं काय न्हाई. चल घरला!" नानासाहेबांनीही गुपचूप फेटा बांधला. दिवस मावळायच्या आत गाडी मोशीच्या वाटेला लागली.

रात्री एकट्याने चिकटवलेल्या पट्ट्यांचा सरस सोमवारी वाळला. ज्योतीरामने गिटारच्या कुशीवर पाच शेरांचं वजन ठेवून मोजलं. आधार देण्याआधी बाक चार मिलिमीटर होता. आता अर्धा मिलिमीटर.