असोद्याची हलकी वीट

स्वप्नीलच्या विटेत नव्हतं काय! ठिबकच्या फाटक्या नळ्या, दुधाच्या पिशव्या, लग्नातले ग्लास. असोदा गावाचा अख्खा उकिरडा वितळवून त्याने साच्यात दाबला होता. पाऊस म्हणू नका, वाळवी म्हणू नका, भूकंप म्हणू नका, आपली वीट कशालाच दाद देत नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. शिवाय हलकी! बायको नूतन एका हाताने चार विटा उचलून दाखवायची आणि दुसरा हात कपाळाला लावायची.

कारण नूतनचे वडील, उखर्डूनाना. त्यांची जळगावात डाळमिल. त्यांनी वीट तळहातावर घेऊन पाहिली.

"जवाईबापू, इटम्हा वजन पाहिजे. हाई ते पापड शे!"

रविवारी धुळ्याचे ठेकेदार हिलालभाऊ विटा बघायला येणार होते. नानांनी ऑर्डर मिळवायला तीच मुदत धरली. "ऑर्डर मियनी ते ठीक. नही ते सोमवारपाईन मन्ही मिलवर बसा!"

सासऱ्याच्या डोळ्यांसमोर तुरीची पोती मोजत जन्म काढायचा?  स्वप्नीलने कंबर कसली. पाहुण्यांना शेतातच भरीत-पुरीचं जेवण ठेवलं आणि वना आचाऱ्याला बजावलं, "शेतात मातीची एकही वीट दिसता कामा नये! पाहुण्यांना वाटेल, याचाच आपल्या मालावर भरवसा नाही."

वनाने मुकाट्याने सगळ्या जुन्या विटा नाल्यापलीकडे नेऊन टाकल्या.

रविवारी हिलालभाऊ आले, नानाही आले. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली होती, भरीत तयार होतं, पुऱ्या तेवढ्या तळायच्या होत्या. लिंबाखाली पाहुण्यांना आपल्या विटांच्याच ओट्यावर बसवून स्वप्नील सुरू झाला. उकिरडा, पर्यावरण, पुढची पिढी! हिलालभाऊ मान डोलवत होते. तेवढ्यात गोठ्यामागून काळाकुट्ट धूर आला आणि बरोबर घाण वास.

"कोणीतरी प्लास्टिक जाळतंय," स्वप्नील तुच्छतेने म्हणाला. "लोकांना अक्कलच नाही हो!"

"अहो, आपल्याच चुलीतून येतोय!" नूतन ओरडली.

सगळे धावले. वनाने स्वप्नीलच्या विटांची ऐसपैस चूल मांडली होती. भूकंपाला दाद न देणारी ती वीट तुपासारखी पाघळत होती. कढई सावकाश कलली, आणि तेलासकट सगळ्या पुऱ्या मातीत!

"वना, अरे ह्या विटांची चूल?"

"भाऊ, तुमीच त सांगलं, मातीची ईट दिसली नही पाह्यजे!" वना म्हणाला. "मंग चूल कायची मांडू?"

 नाना नुसते हसले, आणि ते हसणं स्वप्नीलला फार लागलं.

शेजारच्या शेतातून भाकरी मागवल्या. हिलालभाऊ जेवायला बसले. दोनदा भरीत मागून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाले, "भाऊ, ईट राहू द्या. पन भरीत एक नंबर शे! मन्ही पोरना साखरपुडा शे. बठ्ठा पाव्हनासले हाईच पाहिजे. घ्या ऑर्डर!"

स्वप्नीलने हळूच नानांकडे पाहिलं. ऑर्डर कशाची हवी, हे नाना कुठे बोलले होते? नानाही कचाट्यात सापडले. "चला, मियनी म्हना ऑर्डर," ते पुटपुटले.

स्वप्नीलची छाती फुगली. तो ऐटीत पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. हिलालभाऊंनी काच खाली केली.

"भाऊ, एकच काम करा. चूल मांडाले इटा मी धाडसू. मातीन्या!"