जमीर सरांची वजाबाकी

आमच्या घरी जमीर सरांचा कप बदलला की ते चहाच पीत नाहीत. कान तुटलेला निळा कप, खिडकीजवळची खुर्ची, साखर रोजच्याइतकीच. एकदा पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून मी नवा कप काढला, तर म्हणतात कसे, "भाभी, आजचा दिवस वाया गेला. आता कालच्याशी ताडून काय पाहू?" बाई गं! चहात काय ताडायचं असतं?

सर समोरच्या घरात एकटे राहतात आणि खामगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. आधी परदेशात होते, द्रावणातल्या रेणूंचे फोटो काढायला. "रेणूले लेझरची चमक मारली की तो दचकते, आकार बदलते," ते सांगायचे. "पापणी लवणं म्हंजे त्याच्यापुढं युग झालं, भाभी! तेवढ्यात क्ष-किरण सोडायचे. पण भवताली पाण्याचीच एवढी गर्दी, का रेणू दिसतच नाही. मंग नंतरच्या चित्रातून आधीचं वजा करायचं. उरलं ते मधातलं, दोन्हीच्या मधी घडलेलं."

आमच्या ह्यांची कपाशी. बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणत होते सगळे. पण एका साली गुलाबी बोंडअळीनं बीटीचीच बोंडं पोखरली. हे रोज संध्याकाळी अळीच्या सात पिढ्या उद्धरायचे आणि सर मन लावून ऐकायचे.

एके दिवशी हे गप्प होते. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, सुधारला एकदाचा माणूस! सरांनी मात्र कप खाली ठेवला.

"भाभी, आजच्यातून कालचं वजा केलं. शिव्या गेल्या." मग ह्यांच्याकडे वळून, "भाऊ, मधात काय झालं? मधातलं सांगा."

"काई नाई, सर."

सर उठलेच नाहीत. चहा गार झाला, माझा स्वयंपाक झाला, तरी बसून. शेवटी ह्यांचा बांध फुटला. "सर, मले जगावंच वाटून नाही राह्यलं."

सरांनी ह्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरकडे नेलं. पुढे हिवाळाभर कॉलेजच्या आधी, पॅन्ट मोज्यात खोचून, ह्यांच्यासोबत वावरात जायचे. पाहून गडीमाणसं हसायची. आज हे आहेत आणि ह्यांच्या शिव्याही आहेत. दोन्हीसाठी मी रोज सरांचे उपकार मानते.

परवा संध्याकाळी सर आलेच नाहीत. निळा कप तसाच भरलेला. हे म्हणाले, "वजाबाकी आता आपल्यालेही येते," आणि कप घेऊन रस्ता ओलांडला. मी मागोमाग.

सर दिवा न लावता बसले होते. ह्यांनी खुर्ची ओढली. "सर, मधातलं सांगा."

"काई नाई, भाऊ."

हे उठले नाहीत. बऱ्याच वेळानं सर बोलले, "रोहिणखेडले माझा लहाना भाऊ होता. कपाशीच होती त्याची. आजच्याच तारखेले सकाळी फोनवर हसला माझ्याशी, अन् संध्याकाळी जीव दिला त्यानं. मी तिकडं रेणूचे फोटो काढून राह्यलो होतो. त्याले मधातलं कोणीच नाही विचारलं."

ह्यांनी कप त्यांच्या हातात दिला. खुर्ची वेगळी, खिडकी नाही, चहा पार गार. सर शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.